डोळ्यामागची सुई : न्यूयॉर्क १८८४ ते खानदेश २०२१

१/
१८८४ साली न्यूयॉर्कमध्ये हर्मन नॅप या नेत्रशल्यविशारदाने डोळ्याच्या मागे सुईने औषध सोडले. डोळा काढून टाकायचा होता आणि तो काढताना रुग्णाला वेदना होऊ नयेत, एवढाच त्या सुईचा हेतू होता. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील रुग्णालयांत जवळजवळ त्याच जागी पुन्हा सुई टोचली जात होती. या वेळी हेतू नेमका उलटा होता : डोळा काढावा लागू नये. या १३७ वर्षांच्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/
आधी जागा समजून घेऊ. डोळ्याची खोबण ही हाडांनी वेढलेली, मागे निमुळती होत जाणारी पोकळी आहे. तिची खोली साधारण चार ते साडेचार सेंटिमीटर. तीत नेत्रगोल, त्याला फिरवणारे सहा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची मुख्य नस असा सारा संसार दाटीने भरलेला असतो. नेत्रगोलाच्या मागे चार सरळ स्नायूंचा एक शंकू तयार होतो. पापणीवर लावलेले मलम किंवा डोळ्यात टाकलेले थेंब तिथवर पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. तिथे जायचे, तर रक्तातून किंवा सुईने.

३/
सुईची वाट उघडली ती कोकेनमुळे. सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा शोध हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यक परिषदेत मांडला गेला : कोकेनचे थेंब टाकले की डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो. त्यापूर्वी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे एक तर क्लोरोफॉर्म-ईथरची पूर्ण भूल, नाहीतर रुग्णाला घट्ट धरून ठेवणे. परंतु थेंबांचा परिणाम वरवरचाच होता. नॅपने त्याच वर्षी कोकेन सुईत भरून नेत्रगोलाच्या मागे नेले. स्थानिक इंजेक्शनने डोळ्याच्या मागे औषध पोहोचवण्याच्या परंपरेचा आरंभ इथे मानला जातो.

४/
कोकेन धोकादायक होते. पुढे प्रोकेन आले, नंतर लिग्नोकेन. १९३६ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर अ‍ॅटकिन्सनने स्नायूंच्या शंकूत भूल देण्याची पद्धत पक्की करून मांडली. रुग्णाने वर आणि नाकाकडे पाहावे, सुई खालच्या पापणीतून बाहेरच्या बाजूने आत घालावी, असा त्याचा पाठ होता. तो अनेक दशके जगभर गिरवला गेला.

५/
१९८० च्या दशकात सीटी स्कॅनने एक जुनी चूक उघड केली. रुग्ण वर आणि आत पाहतो तेव्हा डोळ्याची नस सुईच्याच वाटेवर येते! पाठ बदलला. रुग्णाने समोर पाहावे, असे शिकवले जाऊ लागले, आणि सुईही आखूड झाली.

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शाळांच्या खोल्यांत, धर्मशाळांत भरलेल्या नेत्रशिबिरांमधून मोतीबिंदूच्या असंख्य शस्त्रक्रिया याच सुईच्या भुलेवर झाल्या. घरातील आजी-आजोबांना 'डोळ्याजवळ दिलेलं इंजेक्शन' आठवते, ते हेच किंवा याचे भावंड.

६/
इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. 'डोळ्याच्या मागे' आणि 'डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यापाशी' या दोन वेगळ्या जागा आहेत. दृष्टिपटल नेत्रगोलाच्या आत असते. रक्तातील बरीच औषधे तिथे शिरू नयेत, अशी निसर्गानेच तटबंदी केलेली आहे. म्हणून १९४० च्या दशकात पेनिसिलिन थेट नेत्रगोलात टोचण्याचे प्रयोग झाले. २००५ पासून आतड्याच्या कर्करोगासाठी बनवलेले बेव्हासिझुमॅब हे औषध डोळ्यात टोचले जाऊ लागले, आणि वयोमानाने किंवा मधुमेहाने पडद्यावर वाढणाऱ्या विकृत रक्तवाहिन्यांवर परवडणारा इलाज मिळाला.

७/
कर्करोगासाठीच्या लहान कुपीत या औषधाचे १०० मिलिग्रॅम असतात. एका डोळ्याला लागतात अवघे १.२५ मिलिग्रॅम. म्हणून एका कुपीतून अनेक डोळ्यांना औषध देता येते. स्वस्ताईचे मूळ तिथेच, आणि धोक्याचेही. वाटून भरताना जंतुसंसर्ग झाला, तर एकाच दिवशी अनेक डोळे जातात. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातमधील अशा घटनेनंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यांसाठी हे औषध वापरू नये असा इशारा दिला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आपली बाजू मांडल्यावर मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. एका कुपीचे गणित कोणाची दृष्टी टिकणार हे ठरवते, हा धडा लक्षात ठेवायचा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

८/
आता दुसरा धागा. नॅपच्या सुईनंतर एकाच वर्षाने, १८८५ मध्ये, ऑस्ट्रियातील विकृतिशास्त्रज्ञ आर्नोल्ड पालटाउफ याने माणसाच्या शरीरात पसरलेल्या एका बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला आज म्युकरमायकोसिस म्हणतात. या गटातील बुरश्या माती, शेणखत, कुजका पाला, शिळी भाकरी अशा ठिकाणी सर्वत्र असतात. धडधाकट माणूस रोज त्यांचे बीजाणू हुंगतो आणि त्याला काही होत नाही.

'काळी बुरशी' हे नाव मात्र फसवे आहे. काळी असते ती बुरशीने मारलेली ऊती.

९/
बुरशीचा मार्ग ठरलेला आहे. नाकातून सायनसच्या पोकळ्यांत, तिथून डोळ्याच्या खोबणीत, आणि खोबणीच्या निमुळत्या टोकातून मेंदूत. सायनस आणि खोबण यांच्यामध्ये जे हाड असते, त्याचे लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' अशा अर्थाचे आहे. ते खरोखरच मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे पातळ असते. १९४३ मध्ये डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची हकीकत छापली. तिघांचाही मधुमेह हाताबाहेर गेलेला होता. तिघेही दगावले.

१०/
या आजाराचे सर्वांत क्रूर वैशिष्ट्य म्हणजे ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते. वाहिनीत गुठळी होते, प्रवाह थांबतो आणि पुढची ऊती मरते. मेलेल्या ऊतीत बुरशी आणखी फोफावते.

आता डॉक्टरांची अडचण पाहा. औषध शिरेतून द्यायचे, म्हणजे ते रक्ताबरोबर जाणार. पण जिथे त्याची सर्वाधिक गरज, तिथला रस्ता बुरशीने आधीच बंद केलेला! शिरेतले औषध वेशीपर्यंत येते आणि तिथेच अडते. डोळ्यामागच्या सुईची २०२१ मधील सगळी कथा या बंद रस्त्यातून उभी राहते.

११/
औषध कोणते? अँफोटेरिसिन बी. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातून आणलेल्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते वेगळे केले. आजार मातीतला आणि औषधही मातीतलेच. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. पण माणसाच्या मूत्रपिंडालाही ते सोडत नाही. थंडी, हुडहुडी, ताप, आणि काही दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागते. ज्यांना हा आजार होतो त्या मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडे बहुधा आधीच थकलेली असतात.

१२/
उपाय निघाला तो औषधाला स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म कवच देण्याचा. याला लिपोसोमल अँफोटेरिसिन म्हणतात. या कथेत मुंबईचा मोलाचा वाटा आहे. परदेशी लिपोसोमल औषध भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे होते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. निलीमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील प्रा. बी. के. बच्छावत यांच्यासोबत, भारतीय बनावटीचे लिपोसोमल अँफोटेरिसिन विकसित करून रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. तेच पुढे 'फंगिसोम' या नावाने बाजारात आले. साथीच्या तीन दशके आधी सुरू झालेल्या या कामाचा उल्लेख २०२१ च्या बातम्यांत क्वचितच आढळतो.

१३/
कवचाने मूत्रपिंड बरेचसे वाचले. पण बंद रस्त्याचा प्रश्न तसाच राहिला. खोबणीत बुरशी पसरली की जीव वाचवण्यासाठी नेत्रगोल, स्नायू, चरबी, कधी पापण्यांसह सारी खोबण रिकामी करायची, हाच शिरस्ता होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोन आणि हेप्लर या डॉक्टरांनी निवडक रुग्णांत वेगळा मार्ग धरला. मेलेला भाग खरवडून काढला, खोबण शाबूत ठेवली आणि अँफोटेरिसिनने ती जागा धुतली. पुढे काही डॉक्टरांनी तेच औषध सुईने थेट डोळ्यामागे सोडून पाहिले. २०१७ च्या सुमारास अशा रुग्णांच्या नोंदी नियतकालिकांत येऊ लागल्या. तोवर हा दुर्मीळ आजाराचा दुर्मीळ इलाज होता.

१४/
मग २०२१ ची दुसरी लाट आली. जून २०२० मध्येच ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवले होते की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यू कमी होतात. मात्रा ठरलेली होती : रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. लाटेच्या धुमश्चक्रीत ही मर्यादा पुष्कळदा ओलांडली गेली. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नाही अशांनाही स्टेरॉइड मिळाले. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि रक्तातील साखर चढते. मधुमेहाच्या या देशात बुरशीला याहून अनुकूल परिस्थिती कोणती असणार?

१५/
नकाशा आता खानदेशावर आणू. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे रस्त्यांनी श्रीमंत असलेले गाव. मुंबई-आग्रा महामार्ग त्याला लागून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्थानक आहे, जवळ औद्योगिक वसाहत आहे. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ३५ किलोमीटरवर. अहिराणी बोलणाऱ्या या पट्ट्यातील अनेक गावांपेक्षा नरडाण्याची स्थिती बरीच बरी. तरीही म्युकरच्या हिशेबात अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात नव्हते. ते दिवसांत, खरे तर तासांत मोजले जात होते.

१६/
कारण हा आजार रुग्ण घरी परतल्यावर उघडा पडत असे. देशभरातील रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की बहुतेकांना कोविडचे निदान झाल्यापासून १० ते १५ दिवसांच्या सुमारास लक्षणे सुरू झाली, आणि ४४ टक्के रुग्णांत तर १४ दिवस उलटून गेल्यावर. म्हणजे माणूस कोविडमधून सुटून घरी आला आहे, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आहे, आणि तेव्हा गाल बधिर होतो. वरची दाढ दुखते, हलते. नाकातून काळपट स्राव येतो. पापणी सुजते. एकाच्या जागी दोन दिसू लागतात.

१७/
नरडाण्यासारख्या गावात दाढ दुखली तर माणूस दाढेचे औषध घेतो. डोळा सुजला तर डोळे आले असे समजून थेंब टाकतो. यात अडाणीपणा नव्हता. शहरातही हेच घडत होते, कारण या आजाराचे नावच तोवर कोणी ऐकले नव्हते. पण दाढ, गाल आणि डोळा यांची दुखणी एकाच बाजूला येत आहेत, हे कोणाच्या तरी लक्षात येणे यावरच पुढचे सगळे अवलंबून होते. हाडाचा तो कागदी पापुद्रा ओलांडायला बुरशीला फार दिवस लागत नाहीत.

१८/
२० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना कळवले की म्युकरमायकोसिस साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य आजार करावा. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आढळले होते आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. महाराष्ट्र शासनाने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोफत देण्याची घोषणा केली. पण मोफत देण्यासाठी औषध तरी हवे ना!

१९/
साधा हिशेब करू. लिपोसोमल अँफोटेरिसिनची मात्रा दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. तेही काही आठवडे. त्या मे महिन्यात कुपीची किंमत ७ हजार रुपयांपर्यंत सांगितली जात होती. त्या दराने दिवसाला ४२ हजार. आणि पैसे असले तरी कुपी मिळेलच असे नव्हते. औषधाचे वाटप केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला असे होऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांत तुटवड्यावर सुनावण्या झाल्या. धुळे आणि जळगाव औरंगाबाद खंडपीठाच्याच कक्षेत येतात.

२०/
मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने अँफोटेरिसिन बी इमल्शन इंजेक्शनचे उत्पादन सुरू केल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने जाहीर केले. किंमत १२०० रुपये. विदर्भातल्या एका जिल्ह्यातून औषध निघू लागले, ही त्या काळोख्या महिन्यातील मोजक्या दिलासादायक बातम्यांपैकी एक.

२१/
आणि याच तुटवड्याच्या दिवसांत डोळ्यामागची सुई मोठ्या प्रमाणावर वापरात आली. हैदराबादचे डॉ. संतोष होनावर यांनी 'कोड म्यूकर' या नावाने मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही ती होती. पद्धत अशी : आधी भूल, मग साध्या अँफोटेरिसिनचे १ मिलिलीटर द्रावण, त्यात ३.५ मिलिग्रॅम औषध, थेट नेत्रगोलाच्या मागे. रोज किंवा दिवसाआड, काही वेळा. शिरेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम आणि सुईतून ३.५! अर्थात प्रमाण कमी म्हणून ही सुई आली नव्हती. बुरशीने अडवलेल्या रस्त्याला तिने बगल दिली, हे तिचे खरे कारण.

२२/
ही जादू नव्हती. सुई एकटीने हा आजार बरा करत नाही. शिरेतले औषध, साखरेवर कडक नियंत्रण आणि नाकातून दुर्बिणीने मेलेला भाग खरवडून काढणे हे तिन्ही आवश्यकच. सुई त्यांच्या जोडीला. टोचल्यावर खोबणीत सूज येते, दुखते, क्वचित दाब वाढून डोळ्यालाच इजा होते. आणि डोळ्याची मुख्य धमनी आधीच बंद पडली असेल, तर गेलेली दृष्टी सुईने परत येत नाही. मग उरतो तो डोळा आणि चेहरा राखण्याचा प्रश्न. तो लहान नाही. आरशासमोर रोज उभे राहावे लागते.

२३/
१ जानेवारी २०२० ते २६ मे २०२१ या काळातील देशभरातील २८२६ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेला अभ्यास 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. वर आलेली १०-१५ दिवसांची आणि ४४ टक्क्यांची नोंद त्यातलीच. ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता. ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळाले होते. ७२ टक्क्यांत बुरशी खोबणीपर्यंत पोहोचली होती. २२ टक्क्यांना खोबणीत अँफोटेरिसिनची सुई दिली गेली. १५ टक्क्यांची खोबण रिकामी करावी लागली आणि आणखी १७ टक्क्यांत खोबण व सायनस या दोन्ही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. म्हणजे साधारण दर तिघांत एकाचा डोळा गेला. १४ टक्के रुग्ण दगावले.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहावे. सुई मिळालेले रुग्ण आणि न मिळालेले रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. आजार कोणत्या टप्प्यावर होता, रुग्ण किती दिवसांनी आला, रुग्णालयात काय उपलब्ध होते, यावर ते ठरले. म्हणून सुईने नेमके किती डोळे वाचवले, याचा एक ठाम आकडा सांगता येत नाही. परदेशातील एका तुलनात्मक अभ्यासात सुई दिलेल्या रुग्णांत खोबण रिकामी करण्याची वेळ कमी आली आणि मृत्यूही वाढले नाहीत. पुरावा आशादायक आहे. तो अंतिम नाही.

२५/
शिवाय ही आकडेवारी रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांची आहे. जे दाढेच्या औषधावर आठ दिवस थांबले, ज्यांना रेफरची चिठ्ठी मिळेपर्यंत पापणी बंद झाली, त्यांची नोंद जिल्हा रुग्णालयांच्या केसपेपरांत आहे किंवा कुठेच नाही. ते केसपेपर अजून कोरे करकरीत आहेत. पाच-दहा वर्षांनी ते रद्दीत जातील. साथींचा इतिहास लिहायचा तर १८९६ च्या मुंबईतील प्लेगची दप्तरे चाळली जातात, तशीच २०२१ ची धुळ्या-जळगावची दप्तरेही उद्या लागतील. ती आज जपली, तरच.

२६/
नॅपने १८८४ मध्ये सुई उचलली तेव्हा नेत्रवैद्याच्या हाती डोळा वाचवण्याचे फारसे काही नव्हते. तो वेदनेशिवाय काढता येणे हीच मोठी प्रगती होती. २०२१ मध्ये त्याच वाटेने गेलेल्या सुईत ओरिनोकोकाठच्या मातीतून मिळालेले औषध होते. पण ती सुई उपयोगी पडावी, यासाठी आधी नरडाण्यातल्या कोणीतरी घरच्या माणसाचा सुजलेला डोळा पाहून 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी धुळ्याची गाडी पकडावी लागत होती.

थ्रेड समाप्त. घरात मधुमेही माणूस असेल आणि एकाच बाजूचा गाल, दाढ, डोळा दुखू लागला, तर हे आठवावे.